एका चित्रात तीनदा आई

आई, आज मला तुझ्याशी नाही, बाईंशी भांडायचंय. शाळेच्या फाटकातून आत गेलं की तुला बाई म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, हा तुझा नियम मी दहावीपर्यंत पाळला, आणि चित्रकलेच्या तासाला तू जे सांगितलंस ते निमूट ऐकलं. आता तू उलट बोलू शकत नाहीस, तेव्हा संधी साधून घेते. आम्ही आयर्लंडमध्ये राहतो, डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार नावाची नवी वस्ती आहे तिथे. तू गेलीस तेव्हा जी माझ्या पोटात होती, ती आता माझ्याहून उंच झालीय आणि मी मराठीत विचारलं तरी उत्तर इथल्या हेलाच्या इंग्रजीत देते. नवऱ्याच्या नोकरीमागून आले, मग पाळणाघरात काम धरलं, लोकांच्या मुलांची नाकं पुसली. त्यात वाईट काही नव्हतं, पण चित्रांजवळ जायची इच्छा काही मरेना. अलीकडे शहरातल्या एका गॅलरीला गाईड हवे होते, मी अर्ज केला. काही आठवडे शिकवणी झाली आणि शेवटी परीक्षा: खऱ्या पाहुण्यांना एका दालनातली चित्रं दाखवायची. जमलं तर काम, नाहीतर आहेच पाळणाघर.

मला दालन मिळालं इटलीच्या प्रबोधनकाळाचं. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच. तुझा फळा अजून डोळ्यांसमोर आहे. मधोमध उभी रेघ, डावीकडे मध्ययुग, उजवीकडे प्रबोधन. डावीकडची माणसं कागदी बाहुल्यांसारखी चपटी, उजवीकडची हाडामांसाची. ‘हजार वर्षं अंधार होता, मुलींनो, आणि मग एकदम उजाडलं,’ असं म्हणून तू हात झटकतेस आणि खडूची भुकटी पहिल्या बाकावर उडते. त्या बाकावर मी बसलेली असते. त्याच फळ्यासमोर तू एकदा माझं चित्र वर्गाला दाखवलं होतंस. स्मरणचित्राचा विषय होता बाजार. मी काढली होती हिरव्या साडीतली एक बाई: इकडे कोथिंबीर निवडताना, मध्ये भाजीवाल्याशी हुज्जत घालताना, तिकडे पिशवी घेऊन घरी निघालेली. आणि तिन्ही ठिकाणी भाजीवाल्याहून चांगली वीतभर मोठी. ‘एका चित्रात एक माणूस एकदाच,’ तू म्हणालीस. ‘या काय तिळ्या बहिणी आहेत? आणि भाजीवाल्याने काय पाप केलंय, तो एवढासाच?’ वर्ग खो खो हसला. संध्याकाळी तू पोळ्या लाटत होतीस, तेव्हा मी ओट्याशी जाऊन म्हटलं, ‘ती तू होतीस.’ तुझं लाटणं थांबलं. मग म्हणालीस, ‘मी एवढी जाडी आहे?’ आणि पुन्हा लाटायला लागलीस. मी रुसून जेवले नाही, हे तुझ्या लक्षात तरी आलं का कोण जाणे.

तर परीक्षेचा दिवस. पाहुणे आठ-दहा, मागे गाईडांची प्रमुख हातात कागद घेऊन उभी. मी वाचलं सगळं होतं गं, शिकवणीत ऐकलंही होतं. पण तोंड उघडलं आणि तूच बाहेर पडलीस. ‘याआधी युरोपात हजार वर्षं अंधार होता,’ मी ऐटीत सांगितलं. पुढे एक आजोबा होते, टोपी घातलेले, हातात ओली छत्री. त्यांनी मला तिथेच अडवलं. ‘डार्क व्हेअर, लव्ह?’ मग अगदी प्रेमाने म्हणाले, ‘नॉट हिअर, एनीवे.’ इथल्या मठांमधून त्याच काळात साधू वासराच्या कातड्यावर पानं रंगवत बसले होते, एवढ्या बारीक वेलबुट्ट्या की भिंगाशिवाय दिसायच्या नाहीत, आणि तुम्ही त्याला अंधार म्हणता? बाकीचे हसले. प्रमुखबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढचं पाठ केलेलं वाक्य काही केल्या आठवेना.

मग मी वळून समोरच्या चित्राकडे पाहिलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. लाकडी फळीवरचं लहानसं चित्र, एका संताची गोष्ट. फरशीच्या रेषा अगदी नियमाने लांब जाऊन एका बिंदूला मिळतात, अंगाखाली हाडं आहेत, म्हणजे सगळं तुझ्या रेघेच्या उजवीकडचं. पण तोच संत, त्याच लाल झग्यात, डावीकडे भिकाऱ्याला भाकरी देतोय, मध्ये गुडघे टेकून बसलाय आणि उजवीकडे मरणशय्येवर आहे. एका चित्रात तीनदा, आई, मध्ययुगात गोष्ट अशीच सांगायचे! डोक्यामागे अजून सोन्याचं वलय, त्यावर बारीक ठिपके ठोकलेले, जुन्या कारागिरांनी ठोकावेत तसे. गालावरचा रंग झिजलाय तिथे खालचा हिरवा दिसतो, कारण कातडीच्या रंगाखाली आधी हिरवा लावायचा ही मध्ययुगातलीच पद्धत. मी लोकांना हे एकेक बोट दाखवून सांगत गेले. म्हटलं, आमच्याकडे नवी सून येते, फोडणी आपल्या हाताची देते, पण मसाल्याचा डबा सासूचाच असतो. या चित्रकाराने फरशी नवी घातली आणि गोष्ट सांगायची रीत आजीची ठेवली. आणि मग मला राहवलं नाही, तुझ्या हिरव्या साडीची गोष्टही सांगून टाकली. आजोबा छत्रीवर रेलून मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘फेअर प्ले टू यू,’ म्हणजे इथल्या बोलीतलं शाबास.

प्रमुखबाई नंतर म्हणाल्या, ‘यू वर ग्रँड. ते आईचं तेवढं ठेव, दर वेळी सांग.’ पुढच्या महिन्यापासून शनिवारी माझी फेरी आहे. लेकीला कळलं तर ती म्हणते, ‘ममा, यू रोस्टेड आजी इन फ्रंट ऑफ एव्हरीवन?’ मी म्हटलं, हो, उडवली तुझ्या आजीची टर, आणि दर शनिवारी उडवणार. ती म्हणाली, मी येणार ऐकायला. ती येईल, तुझ्यासारखीच हाताची घडी घालून उभी राहील, आणि मला आत्तापासूनच धडकी भरलीय.

तेव्हा बाई, रेघ पुसा. नुसती रेघ पुसा, बाकी फळा राहू दे, त्यातलं बरंच अजून उपयोगी पडतं. तुझ्याकडे यायला टपाल नाही, म्हणून हे पत्र माझ्याचकडे राहील. त्यात एक गोष्ट लिहायची मी टाळत होते. आजोबांनी भर दालनात मला टोकलं, तेव्हा घाबरले खरी, पण त्याच्या आधी क्षणभर मला फार बरं वाटलं. तू गेल्यापासून मला असं कुणी टोकलंच नव्हतं.