सुनेच्या टेबलाचे पाय

माय, तुला अक्षर येत नव्हतं आणि मला तिसरीपर्यंतचं येतं, म्हणजे लिहिणारी अडाणी नि वाचणारी त्याहून अडाणी. चुका काढायला कुणी नाही, म्हणून बिनधास्त लिहिते. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर मला आरशात बघावं लागतं, आणि तिथे तू माझ्यावर चिडलेलीच दिसतेस. आज चिडायला कारणही आहे. तू शिकवलेली एक गोष्ट मी माझ्या घरात मोडली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घर पडलं नाही, तेवढं तुला कळवायचं होतं.

धरणगावाकडचं आपलं घर मला अजून दिसतं. तू चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापते आहेस, मी ओसरीतल्या खाटेवर पाय हलवत बसले आहे. आजोबा शेतातून येतात आणि मी काही उठत नाही. तू पिठाच्या हातानेच उठून येतेस. “खाले बठ वं! उद्या सासरले जाशी, तठे काय सासरासमोर खाटवर बठशी?” माझ्या पाठीवर तुझी पाचही बोटं पांढरी उमटली. लग्नात तू मला सागाचा पाट दिलास, चार कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला, आणि म्हणालीस, हीच तुझी गादी. सासरे असेपर्यंत मी त्या पाटावरसुद्धा बसले नाही, त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. सासरे गेले, तरी तुझे जावई झोपाळ्यावर नि मी खाली, हे चालूच राहिलं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की गुडघ्यांना सवय झाली. कुणी विचारलं नाही.

मग मुलाचं लग्न झालं. आम्ही धुळ्यात, सून जळगावची. नव्वदच्या पुढची वर्षं ती. पोरीने कॉम्प्युटरचा क्लास केलेला. तुला कॉम्प्युटर कसा सांगू? एक पेटी, तिला काचेचं तोंड, पुढे अक्षरांच्या बटणांची फळी. बटण दाबलं की अक्षर काचेवर उमटतं, पुसायचं तर पुसून टाकायचं, बोट काळं होत नाही. छापखान्यातले अक्षरांचे शिशाचे खिळे तेव्हा मोडीत निघत होते, आणि एक छापखानेवाला लग्नपत्रिका जुळवायला तिच्याकडे घरी द्यायला तयार होता. मुलाने पेटी आणली. पेटीला टेबल हवं, इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण टेबल म्हटलं की खुर्ची आली. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर, मधल्या खोलीत धान्याच्या कोठ्या नि अंधार, तेव्हा पेटी राहणार पुढच्याच खोलीत. आणि पुढच्या खोलीत झोपाळ्यावर तुझे जावई बसणार, सकाळी चहापासून दिवे लागेपर्यंत.

मी सुनेला घेऊन दुकानात गेले. एकेक टेबल असं गुळगुळीत की माशी घसरावी. खाली चाकं, बटणांच्या फळीसाठी आत-बाहेर सरकणारा कप्पा, पेटीबरोबर येणाऱ्या उभ्या डब्याला वेगळा खण. सून हात फिरवून बघत होती, तोंडाने काही मागत नव्हती. मी दुकानदाराला विचारलं, “जमिनीवर बसून चालवायचं मिळेल का?”

तो हसला. “आजी, ह्याला खुर्चीच लागते. पाटावरचा कॉम्प्युटर अजून निघाला नाही.”

“मग निघाला की सांगा,” म्हटलं आणि पोरीला घेऊन बाहेर पडले. ती रस्ताभर काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं असेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुतार होता. कापसाच्या व्यापाऱ्यांकडे मुनीम गादीवर बसून बुटक्या डेस्कावर लिहितात, तसली डेस्कं त्याने केलेली. त्याला सांगितलं, तसंच कर, पण रुंद. सुनेने हळूच म्हटलं, बटणांसाठी सरकता कप्पा तेवढा हवा. तोही त्याने केला. सागाचं, पॉलिश केलेलं, झकास दिसत होतं. हळदीकुंकू वाहिलं, पेटी ठेवली, वर टाकायला मी झालरीचं झाकण शिवलं, कारण धुळ्याची धूळ तुला माहीत आहे. तुझा पाट काढून खाली ठेवला. सून डोक्यावर पदर घेऊन मांडी घालून बसली. तुझ्या जावयांनी झोपाळ्यावरून बघितलं आणि म्हणाले, “हा, आता शोभस.” घरातल्या सगळ्यांची सोय झाली, फक्त जिला काम करायचं तिची सोडून.

सरकता कप्पा बाहेर काढला की तिच्या मांड्यांवर टेकायचा. मांडी मोडून पाय लांब करावेत तर ते थेट सासऱ्याच्या दिशेने, म्हणून ती पाय एका बाजूला दुमडून, कंबर वळवून बसायची. लग्नसराईत कामाचा ढीग पडला. उठताना ती भिंत धरायला लागली. मी म्हटलं, आम्ही जात्यावर बसत होतो, तेव्हा काही झालं नाही. त्यावर ती एवढंच म्हणाली, “जात्याला काच नव्हती, आई. मान वर करून बघावं लागत नव्हतं.” पोरगी गरीब दिसते, पण बोलली की नेमकी लागते. मला त्याबद्दल ती आवडायची, फक्त सांगितलं नव्हतं.

पुढे तिला दिवस गेले. पोट वाढलं तसा कप्पा पोटाला लागायला लागला. सातव्या महिन्यात तिची आई जळगावहून बाळंतपणाला न्यायला आली. चहाचा कप हातात घेऊन विहीणबाईंनी लेकीला त्या डेस्काशी बसलेलं बघितलं आणि मला म्हणाल्या, “काय हो विहीणबाई, आम्ही पोर दिली होती. तुम्ही तिचा मुनीमजी केला की!”

“मुनीमजीला पगार असतो,” मी म्हटलं. “तिलाही मिळतो.”

“मुनीमजीचं पोट सुटतं ते खाऊन, हिचं तसं नाही,” त्या म्हणाल्या. पुढचं त्यांनी हसत सांगितलं, पण ते हसण्यासारखं नव्हतं. जळगावातल्या एका छापखान्यात टेबल, खुर्ची, पंखा असलेली जागा रिकामी होती. बाळंतपण झालं की लेक तिथेच कामाला लागेल. जावईबापूही बदली मागणार आहेत. वरची खोली रिकामीच आहे. मी मुलाकडे बघितलं. तो बशीतल्या चहाकडे बघत होता. म्हणजे बोलणं झालेलं होतं, आणि माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी आलं होतं.

मी चप्पल घातली आणि सुताराला बोलावून आणलं. तुझे जावई झोपाळ्यावर, विहीणबाई जाजमावर. सुताराला म्हटलं, “ह्याला पाय लाव. लांब. शाळेतल्या मास्तरच्या टेबलाएवढे.”

“आक्का, तुम्हीच तर बुटकं सांगितलं होतं. आता जोड दिसेल.”

“दिसू दे. माझ्या पाठीवरचे वळ दिसत होते, तेव्हा कुणाला शोभा आठवली नाही.”

झोपाळा थांबला. “मंग ती खुर्चीवर बठी? मनासमोर, सासरासमोर?”

माय, लग्नापासून मी त्या माणसाला उलट बोलले नव्हते असं नाही, रोज बोलायचे. पण भाजीवरून, पाण्यावरून. ह्या गोष्टीवरून कधी नाही. मी म्हटलं, “दवाखान्यात डॉक्टरीणबाई खुर्चीवर असतात, तुम्ही स्टुलावर असता. तिथे चालतं?”

“ती काय मनी सून शे?”

“नाही ना? म्हणून तिच्याकडून सुई टोचून घेता आणि हिला टोचता.”

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. सुताराने हातोडी खाली ठेवली. सून दारात उभी, तोंड उतरलेलं. तिला वाटलं, आता हे उठून बाहेर जाणार, आणि त्याचं खापर तिच्यावर. मलाही तेच वाटलं. हे उठले खरे. झोपाळ्याच्या पाठीची दांडी उचलून त्यांनी दुसऱ्या बाजूला बसवली आणि रस्त्याकडे तोंड, घराकडे पाठ करून परत बसले. “आता माले काही दिसत नई,” म्हणाले. “जिले बठनं व्हई ती बठो.”

एवढंच! सगळी उलथापालथ त्या दांडीवर भागली. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले, हसता हसता खालीच बसले.

सून बाळंत होऊन नात घेऊन परत आली, ती इथेच. टेबलाचे पाय वरच्या लाकडाहून पिवळट, जोड ठळक, कुणीही आलं की विचारतं. खुर्ची लोखंडी, नायलॉनच्या पट्ट्यांची. ती भिंतीकडे तोंड करून बटणं वाजवते, हे रस्त्याकडे तोंड करून झुलतात, पाठीला पाठ. आणि गंमत अशी की समोरासमोर होते तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आता सारखे बोलतात. “काय लिखी राह्यनी?” हे विचारतात. ती पत्रिका वाचून दाखवते. हे मागे न बघता ओरडतात, “अरे, मोठा भाऊनं नाव खाले कसं? पंगतमा भांडण लावशी का?” ती छापखान्यात फोन करून विचारते. कधी यांचं खरं निघतं, कधी नाही. नाही निघालं की ती म्हणते, “आबा, लग्न त्यांचं आहे,” आणि हे झोपाळ्याला जोराचा झोका देतात. वीज गेली की ती खुर्चीवर तशीच वाऱ्याची वाट बघत बसते. डोक्यावरचा पदर कधी सुटला, तो तिनेही पाहिला नाही नि मीही.

म्हणून तू काळजी करू नकोस. उतारवयात मला दुसरं काही नको होतं, चूल एक राहिली. हे तुला लिहिते आहे ते बघून सून विचारते, “आई, टाइप करून देऊ का?” मी नको म्हणते. तिने वाचलं तर तिला वाटेल मी तिच्या कमरेसाठी भांडले. सगळे तेच समजतात, विहीणबाई तर चार ठिकाणी कौतुक सांगतात, आणि मी त्यांना सांगू देते. खरं म्हणजे मला त्या दिवशी एवढंच सुचलं होतं की ही दोघं जळगावला गेली, तर सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्या झोपाळ्याची करकर मला एकटीला ऐकावी लागेल.