दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कॉलेज वसतिगृह
५ ऑक्टोबर १९८८

ती. दादास,
रागावलेल्या धाकटीचा नमस्कार, वि. वि.

दोन महिन्यांत तुझी एक ओळ नाही. आईच्या पत्राखाली 'अर्विद बरा आहे' एवढं वाचून माझं पोट भरत नाही. हॉकीचे निकाल पाठ करायला वेळ आहे, बहिणीला लिहायला नाही?

असो. कॉलेजच्या रेडिओवर मला दर मंगळवारी चार ते सहाची पाळी मिळाली आहे. तळघरातली खोली, दहा वॅटचं स्टेशन. धान्याच्या कोठारांपलीकडे आवाज पोचत नाही. तरी मी मान ताठ करून फिरते. गेल्या महिन्यात टपालाने एक रेकॉर्ड आली. मिनिआपोलिसचा 'सॉल्ट फेन्स' नावाचा बँड, राखाडी पुठ्ठा, नाव हाताने छापलेलं. मोठ्या कंपनीची नाही म्हणून कुणी हात लावत नव्हतं. मी दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर सुई ठेवली आणि गाणं संपल्यावर बोलायचंच विसरले. हवेत नुसती खरखर. तेवढ्यात फोन वाजला. मेसच्या भटारखान्यातल्या बाई विचारत होत्या, की हे कुणाचं, आणि पुन्हा लावाल का.

गाण्यात एक बाई गिरणीतून आलेले सदरे धुते आणि म्हणते, की आता हे धुवायला लागू नयेत. मला आपलं घर आठवलं. मग म्हटलं, गिरणीच्या गावात प्रत्येक घर असंच. तेव्हापासून दर मंगळवारी तीच रेकॉर्ड लावते. सोबत कॅसेट पाठवत आहे. 'कंटाळा आला' म्हणून गिटार माळ्यावर टाकणाऱ्यानेही एकदा ऐकावी.

लोभ असावा, नसेल तर तसं दोन ओळींत कळवावं.
करिन

डलुथ
१२ ऑक्टोबर

चि. करिनला आशीर्वाद, पण आज हात आखडूनच.

कॅसेट पाठवण्याआधी विचारायचं होतंस. जेवणानंतर मी ती लावली. आई पाठमोरी भांडी विसळत होती. ते गाणं सुरू झालं तसं मी बटण दाबलं. तिने काही ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही.

ते गाणं माझं आहे. मिनिआपोलिसला दोन वर्षं मी बेकरीत पाव भाजत होतो, एवढंच तुम्हांला ठाऊक. संध्याकाळी मी त्या बँडमध्ये गिटार वाजवायचो. गाणारा तो डेल प्रुइट. आम्ही एकाच खोलीत राहायचो. शेवटच्या नाताळात घरी आलो तेव्हा बाबा आत खोकत पडले होते. आई सदरे धुताधुता मला एकट्याला म्हणाली, की कधीकधी वाटतं, सुटावं यातून एकदाचं. परत जाऊन मी त्याचं गाणं केलं, तिचेच शब्द घालून. दोन महिन्यांनी बाबा गेले. मला आरशात बघवेना. बँड सोडून घरी परत येताना डेलला सांगितलं, बाकीची सगळी गाणी घे, माझं नावही नको, पण हे एक कधी गाऊ नकोस. त्याने मान डोलावली होती. त्या हरामखोराने नेमकं तेच रेकॉर्डवर घातलं.

आईला हे कळता कामा नये. तू ती रेकॉर्ड पुन्हा लावायची नाहीस.

लोभ असू दे, पण चार दिवस लांबूनच.
अर्विद

कॉलेज वसतिगृह
१९ ऑक्टोबर

दादास, नमस्कार एकच, तक्रारी अनेक.

काल मी रेडिओवर सांगून टाकलं, की हे गाणं डेल प्रुइटचं नाही, डलुथच्या कागद गिरणीतल्या अर्विद लेहतोचं आहे. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास. स्टेशनची मॅनेजर भडकली. म्हणाली, पुराव्याशिवाय असं बोललीस तर पाळी काढून घेईन. मी म्हटलं, घे.

खरं सांगू? मला डेलपेक्षा तुझाच राग जास्त आला आहे. दोन वर्षं मी तुला आळशी म्हटलं, रडतराऊ म्हटलं, आणि तू म्हणू दिलंस. एकदा तरी तोंड उघडायचं होतंस.

पाच नोव्हेंबरला, शनिवारी, तो बँड आमच्या मेसच्या हॉलमध्ये वाजवायला येतोय. ये, आणि विचार त्याला तोंडावर.

लोभ कशाला मागू, आधी उत्तर दे.
करिन

डलुथ
२४ ऑक्टोबर

करिन,
आशीर्वाद वगैरे राहू दे.

नावासाठी कोण रडत होतं? आईचं बोलणं झाकायचं होतं, तर तू त्यावर आपलं आडनाव चिकटवलंस. हिल्मामावशीची लेक तुमच्याच कॉलेजात शिकते, हे तुझ्या डोक्यात आलं नाही? तिने घरी फोन केला. काल चर्चबाहेर मावशीने आईला चारचौघांत विचारलं, की अर्विदने तुझ्यावर गाणं केलंय म्हणे.  घरी आल्यावर आईने कॅसेट मागितली. मी दिली नाही. 

मी येणार नाही. पुन्हा बोलावू नकोस.
अर्विद

डलुथ
३० ऑक्टोबर

चि. अर्विद आणि चि. करिन यांस आशीर्वाद. एकच पत्र दोघांना, कारण वेगवेगळं रागवायला मला वेळ नाही. अर्विदची प्रत त्याच्या डब्यात ठेवली आहे.

अर्विद, तू कामावर होतास तेव्हा तुझ्या गादीखालून कॅसेट काढली आणि तीनदा ऐकली. करिनने ते गाणं सगळ्यांना ऐकवलं, तू ते दडवून ठेवलंस. मला कुणी विचारलं?

मी तसं बोलले होते. अकरा वर्षं खोकणाऱ्या माणसाचे सदरे धुऊन झाल्यावर बोलले, आणि त्यात मला लाज वाटत नाही. ते गेले त्या दिवशी त्यांचा सदरा मीच धुतला, इस्त्री केली आणि त्यांच्या अंगात घातला. ते तुझ्या गाण्यात नाही, कारण तू कधी विचारलंच नाहीस. दोन वर्षं माझ्यासमोर खाली मान घालून जेवतोस. मला वाटायचं, पोराला बापाचं दुःख आहे. तू तर मला सांभाळत बसला होतास. मी काय काचेची बरणी आहे?

त्या डेल प्रुइटला मी बघून घेईन. दिलेला शब्द त्याने मोडला, हे त्याच्यासमोर उभी राहून सांगणार आहे. मग त्याला सांगणार, की हे गाणं कुणाचं ते आता माइकवर बोल आणि गा. मला ते त्याच्या तोंडून पूर्ण ऐकायचं आहे.

शनिवारी दुपारी एकला हिल्मा गाडी काढते आहे. पुढे मी बसणार. मागची जागा रिकामी आहे. अर्विद, यायचं असेल तर दाढी करून ये.

लोभ आहेच, तो वाढवायची विनंती करत नाही. थोडी अक्कल वाढवा.
तुमची आई