बॅटरीच्या गाडीतली ऊब

आई, परवा आपल्या घरी विजेवर चालणारी गाडी आली. तुझ्या नातवाने हौसेने घेतली. मुलुंडच्या उकाड्यात आम्ही घामाघूम आणि गाडीत चक्क सीट गरम करायचं बटण! "हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, आई?" सुनेने मला विचारलं. सगळे हसले, मीही हसले. मग मला मरोळचा गाळा आठवला.

त्या गाळ्यात तू इस्त्रीच्या आणि शेगडीच्या कॉइली मशीनवर गुंडाळायचीस. मी डिप्लोमा करून तिथेच डिझाइनला लागले, तेही तुझ्याच शब्दावर. आणि पहिल्याच आठवड्यात तुला म्हणाले, "इथे मला छकुले म्हणू नकोस, लोक हसतात." तू दुसऱ्या दिवसापासून "मॅडम, ही तार बारीक पडतीय," असं म्हणू लागलीस, अगदी सरळ तोंडाने. मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

मग ती बॅटरीवरची व्हॅन आली. एक साहेब थंड मुलखातल्या हॉटेलासाठी ती बनवत होते आणि त्यांना आत ऊब हवी होती. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची धग फुकट मिळते. इथे तसलं इंजिनच नाही, सगळी ऊब बॅटरीतून काढायची. मी मोठी कॉइल आणि मागे पंखा लावून झकास हीटर केला. मरोळहून निघालेली व्हॅन अंधेरी स्टेशनाच्या अलीकडेच बंद पडली. हीटरने सगळी बॅटरी पिऊन टाकली होती. घामाने चिंब झालेले आम्ही ती ढकलत परत आणली. साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. नाही जमलं तर ऑर्डर जाणार होती आणि माझी नोकरीही.

संध्याकाळी तू भाकऱ्या थापतेयस. मी ओट्याशी उभी राहून रडकुंडीला येऊन सगळं सांगतेय. तव्यावरची नजर न काढता तू म्हणतेस, "भाकरी भाजायला मी अख्खं घर तापवते का गं? हवा कशाला तापवतीस? माणूस बसतो तिथं ऊब दे."

मग तूच बारीक कॉइल काचेच्या धाग्याच्या नळीत ओवलीस आणि गोधडीला टाके घालावेत तशी सीटच्या गादीत शिवलीस. एक वेटोळं दुसऱ्याला चिकटू दिलं नाहीस. व्हॅन स्टेशनापर्यंत जाऊन परत आली, वर गाळ्यांच्या इस्टेटीत दोन चकराही मारल्या.

साहेब गाळ्यात आले. खूश होते. "कुणाचं डोकं हे?" त्यांनी विचारलं. तू चार हातांवर, तुझ्या मशीनपाशी होतीस. मी म्हणाले, "माझं."

दुसऱ्या दिवशी तू पेढे आणलेस. "आमच्या मॅडमनी गाडी गरम केली," असं सांगत गाळाभर वाटलेस. माझ्या हातावर दोन ठेवलेस आणि हळूच म्हणालीस, "खा, छकुले."

परवा सुनेला सांगायचं होतं, की हे तुझ्या आजेसासूला कधीच सुचलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "आम्हीही केलं होतं पूर्वी असलं काहीतरी." खोड जात नाही बघ.

हे पत्र, तू गेल्यापासून जपलेल्या तुझ्या गोधडीच्या घडीत ठेवून देईन. मशीनच्या खडखडाटात तुला माझं उत्तर ऐकू गेलं नसेल, अशी इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले. पण कुणीही साहेब आत आले की तू मशीन बंद करून उभी राहायचीस. त्या दिवशीही ते बंदच होतं, आई.