निंबळीच्या नकाशावरची रेघ

१३ जानेवारी २०२५, सोमवार

निंबळीची फाइल शेवटी माझ्याच टेबलावर. लोणी काळभोरच्या पुढे, हायवेपासून चार किलोमीटर आत. गेल्या वर्षी तिथे गोठ्यांच्या मधोमध अकरा मजली इमारत उभी राहिली. लिफ्ट तीन, गटार शून्य. सांडपाणी सरळ शेतात. म्हणून आता आदेश — विकास आराखडा होईपर्यंत अठरा महिने तात्पुरते निर्बंध. गावठाणाच्या हद्दीत जुनं घर पाडून त्याच जागी पुन्हा बांधता येईल, वर फार तर एक मजला. हद्दीबाहेर बांधकाम बंद. एक वीटसुद्धा नाही.

मसुदा मीच लिहिला. चांगला लिहिलाय. स्वतःचं कौतुक इथे नाही करायचं तर कुठे?

१६ जानेवारी

आज नकाशा. जुना मोजणीचा कागद, घडीवर फाटलेला. माधव साहेब म्हणाले, "गावठाणाची रेघ आहे तशी उचला. तिच्यात डोकं घालू नका, शंभर वर्षांत कुणी घातलेलं नाही." साहेब रिटायर होईपर्यंत कशातच डोकं घालणार नाहीत, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. पण यावेळी मलाही पटलं. रेघ कॉम्प्युटरवर गिरवली. दीड तासात काम संपलं. आमच्याकडे पद्धतच आहे — आधी कागद, मग जागा, वेळ उरला तर. वेळ उरत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

निंबळीत सभा. शाळेच्या मैदानात मांडव. पुढच्या खुर्च्यांवर जमीनवाले. विक्रम नावाचा एक तरुण, पांढरे बूट, प्लॉटिंगचा धंदा — उठून म्हणाला, "मॅडम, अठरा महिने सगळं फ्रीझ केलं तर आमी काय तुमचा नकाशा बघत बसायचं का?" लोक हसले. मी म्हटलं, "बसा की. चांगला काढलाय." अजून हसले.

मग मागे बायकांमधून एक उभी राहिली. हिराबाई. पन्नाशी उलटलेली. "माझी मागली भित खचलीय बाई. समदंच घर पाडून बांदू का नको, तेवडं सांगा."

"घर गावात आहे ना?"

"गावातच हाय की. चार पिढ्या झाल्या."

"मग बांधा. त्याच जागेवर, तेवढंच. कुणी अडवणार नाही."

माइकवर बोलले हे. टाळ्या पडल्या. येताना हडपसरला सव्वा तास अडकले, तरी खूश होते.

२ फेब्रुवारी

आदेश लागू. पेपरात चार ओळी, त्यात दोन चुका.

४ मार्च, मंगळवार

हिराबाईंचा फोन. नंबर मीच सभेत फळ्यावर लिहिला होता. "बाई, तुमीच म्हनला बांदा. आन तुमचीच नोटीस आली."

घर पाडून झालं, पाया खणायला घेतला, तेवढ्यात कुणीतरी तक्रार केली. आता नवरा-बायको विहाराच्या हॉलमध्ये राहतात. सामान ताडपत्रीखाली. 'विहार' हा शब्द ऐकला तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. म्हटलं, काहीतरी घोटाळा झाला असेल, बघते.

फाइल काढली. सव्वीस नोटिसांचा गठ्ठा, त्यातली एकोणिसावी. जागा हद्दीबाहेर, काम ताबडतोब थांबवा. खाली माझी सही. नाव वाचलंच नव्हतं.

५ मार्च

जाऊन आले. पहिल्यांदाच नकाशा हातात धरून चालले. गावातलं शेवटचं घर, मग ओढा, त्यावर लहानसा पूल, पलीकडे बेचाळीस घरं. भीमनगर. माझी रेघ ओढ्याच्या अलीकडेच वळते. गोल फिरून परत गावात जाते. ओढ्याला पाय लागू नये अशी काळजी घेऊन काढलीय.

हिराबाई विटांच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. मी "जय भीम" म्हटलं. त्यांनी वर पाहिलं.

"म्हंजी तुमी आपल्यातल्या?"

"हो."

"मग तुमाला ठाऊक पायजे व्हतं बाई, आपली घरं कुठं असत्यात ते."

रागाने नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. विहाराच्या पायरीवर स्टो मांडलेला, त्यावर चहा केला. माझ्या कपात साखर जास्त होती. प्याले.

६ मार्च

माझं लहानपण येरवड्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं, पुढे कोथरूड. गाव म्हणजे मे महिन्यातले चार दिवस, तेही आंब्यांसाठी. ही सबब आहे, मला कळतं.

सकाळी बाबांना विचारलं. पोस्टातून रिटायर झाल्यापासून बाबा पेपर जाहिरातींसकट वाचतात. वाचता वाचताच म्हणाले, "मोजणीवाले आले की पाटलाच्या ओट्यावर बसायचे. तिथून दिसेल तेवढं गावठाण."

"आणि आपलं घर?"

"तिथून नाही दिसायचं." मग पेपर खाली ठेवला. "तुझ्या नकाशात दिसतं का, आम्रपाली?"

मी डबा भरायला उठले. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

१० मार्च, सोमवार

दुरुस्तीची टिपणी लिहिली. माधव साहेब म्हणाले, "चूक जुन्या नकाशाची आहे असं लिहा. मेलेल्या माणसाची चौकशी होत नाही."

मी लिहिलं — जागेवर न जाता रेघ उचलली, चूक माझी.

"बढतीची यादी जूनमध्ये आहे."

"माहीत आहे, सर."

"मग निदान शुद्धलेखन तरी तपासा," म्हणाले, आणि सही करून टिपणी वर पाठवली. अधूनमधून वाटतं, माणूस वाईट नाही.

११ मार्च

मला कारणे दाखवा नोटीस. चोवीस तासांत! म्हणजे आमच्याकडे काम वेगाने होऊ शकतं.

३ एप्रिल, गुरुवार

दुरुस्तीला तत्त्वतः मान्यता! भीमनगर आत घेऊन नवी हद्द. पंधरा दिवस हरकतींसाठी, मग अंतिम आदेश. सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. ज्याला वाचायची सवय आहे तो वाचेल.

हिराबाईंना सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. एकदा तोंडी सांगून त्यांना घर पाडायला लावलं. वर कुणी हरकत घेतली, फाइल अडकली, तर परत तेच. आता सहीशिक्क्याचा कागद हातात पडेपर्यंत एक अक्षर नाही. कागद घेऊनच जाईन.

१२ एप्रिल, शनिवार

त्यांचाच फोन. "जयंतीला या बाई, हितंच जेवायला." मग विचारलं, "कागदाचं काय झालं?"

जिभेवर आलं होतं. म्हटलं, "काम चालू आहे. आत्ता काही सांगता येत नाही."

"पावसाच्या आत व्हईल का? न्हाईतर आमाला काय तरी ठरवाया पायजे."

"मी शब्द देऊ शकत नाही, हिराबाई."

"बरं." मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करनार."

वाईट वाटलं. पण फोन ठेवल्यावर बरंही वाटलं — यावेळी नियमाने वागले. जयंतीला गेले नाही. जेवायला बसून गप्प राहणं जमलं नसतं.

२ मे, शुक्रवार

अंतिम आदेश निघाला. एकही हरकत आली नाही. सगळं गाव कसं काय गप्प राहिलं, माधव साहेबांनाही नवल वाटलं. दोन जादा प्रती काढल्या, एक हिराबाईंसाठी. फोन लागत नाही त्यांचा. सोमवारी स्वतः जाते.

५ मे, सोमवार

निघण्याआधी टपाल पाहिलं. नव्या हद्दीतला पहिला बांधकाम अर्ज आलाय. जागा हिराबाईंची. अर्जदार विक्रम, सभेतला पांढऱ्या बुटांचा. खरेदीखत १५ एप्रिलचं, त्यांच्या फोननंतर तिसऱ्या दिवसाचं. कागद चोख आहेत, नाकारायला एकही कारण नाही. मंजूर केला.