काजळ्याचा मुखवटा वाचवताना

३ मार्च
काजळ्यावर सिनेमा निघणार. फिल्म कंपनीनं सकाळी जाहीर केलं. आनंदाच्या भरात चहा दोनदा प्यालो. साखर सोडण्याचा संकल्प उद्यापासून.

दुपारी बातमीचा खालचा भाग वाचला. शेवटच्या प्रसंगात काजळ्या म्हणे मुखवटा काढणार. ज्याचा चेहरा इतक्या वर्षांत कॉमिकच्या एकाही अंकात दिसला नाही, खुद्द चित्रकारानं कधी काढला नाही, तो आता भर थिएटरात तोंड दाखवणार.

मी हे कॉमिक नुसतं वाचलेलं नाही, छापलेलं आहे. छापखान्यात मशीनवर होतो. इतर मासिकं बेतानं शाई घ्यायची, काजळ्याची पानं शाई प्यायची. गल्ली काळी, गच्ची काळी, आभाळ काळं. अंक निघाला की आठवडाभर माझी नखं काळी. बायको होती तेव्हा म्हणायची, एक दिवस तुम्हालाच काजळ्या समजून धरून नेतील. मी कौतुक समजायचो.

हे होऊ द्यायचं नाही. कसं, ते उद्या ठरवू.

५ मार्च
फोनवर ‘काजळ्याचे खरे’ नावाचा ग्रुप सापडला. शिरलो. खरी नावं कुणी लावत नाही. एक ‘कोळसा’ आहे, एक ‘रात्रपाळी’. मी ‘छापखाना’.

वाद जोरात चालू होता. एक म्हणतो, नट एवढे पैसे घेणार तर तोंड झाकून कशाला बसेल. दुसरा म्हणतो, आत कोण आहे हे कळलं की भीती संपली, मग काजळ्यात आणि रस्त्यावरच्या हवालदारात फरक काय. रंगीत की काळापांढरा यावर वेगळी हाणामारी. मजा आली. इतक्या माणसांशी एका दिवसात मी निवृत्तीनंतर बोललेलो नाही.

मीही लिहिलं: ‘जो काजळ्याचा मुखवटा काढेल, त्याच्या डोळ्याला डोळा लागता कामा नये.’ भाषा जरा चढली. पण वाक्याला धार हवी. कोळसा म्हणाला, काका, हे आपलं ब्रीदवाक्य.

काका म्हणाला. चांगल्या घरचा दिसतो.

८ मार्च
अध्यक्ष झालो. मुखवटा रक्षक मंडळ. बिनविरोध. उमेदवार मी एकटाच होतो हे खरं, पण माझ्यासमोर उभं राहायची कुणाची छाती झाली नाही असाही अर्थ निघतो.

पहिला ठराव मांडला: भाषा सभ्य असावी. त्यावर पोरांनी हसणारी तोंडं टाकली. खेळकर आहेत.

चेहरा दाखवायला हरकत नाही असं म्हणणारा एक हुशार मुलगा होता. मुद्देसूद लिहायचा. परवा त्याला सगळ्यांनी मिळून समजावलं. तेव्हापासून लिहीत नाही. पटलं असावं.

साखर अजून चालू.

११ मार्च
लेक राहायला आली. एक बॅग, एक कॉम्प्युटर. फ्लॅटमध्ये नळाचं काम निघालंय म्हणाली. सिनेमासाठी लिहिते ती, टोपणनावानं. काय लिहितेस विचारलं की करार दाखवते, सांगता येत नाही म्हणते. आमच्या छापखान्यात गुप्त असं काही नसायचं. छापायची अक्षरं उलटी असायची, पण वाचता यायची.

डोळ्यांखाली काळं आलंय. फोन वाजला की उपडा करते. पोट साफ नसावं. रात्री कोमट पाणी घे म्हणालो.

माझे जुने अंक मागितले तिनं. ट्रंक उघडून दिली. जमिनीवर मांडी घालून वाचत बसली. बापावर गेली आहे.

१४ मार्च
सिनेमाच्या लेखकाला ग्रुपनं ‘खोडरबर’ नाव ठेवलंय. टोपणनावावरून काही कळत नाही, पण कुणीतरी कालचं पोर असणार, मिसरूडही न फुटलेलं, हे माझं मत सर्वांनी उचललं.

रात्रपाळीनं खोडरबरच्या बिल्डिंगचा फोटो टाकला. कसा शोधला कोण जाणे, चिकाटी आहे. फाटकाची बिजागरी तुटलेली, निळ्या वायरनं बांधलेली. लेकीच्या बिल्डिंगच्या फाटकालाही अशीच निळी वायर आहे. हल्ली दुरुस्ती म्हणून कुणी धड करत नाही.

फोटोखाली मी अध्यक्ष या नात्यानं लिहिलं की आपला विरोध विचारांना आहे, व्यक्तीला नाही. तोवर पोरांच्या गप्पा बऱ्याच खाली गेल्या होत्या.

१७ मार्च
जेवताना लेकीनं ताट सरकवलं आणि म्हणाली, बाबा, काजळ्या मी लिहितेय.

पाणी प्यालो. छान, म्हणालो.

मग बोलली. नळाचं काम वगैरे काही नाही. कुणीतरी तिच्या दाराच्या फटीतून कागदात गुंडाळलेला कोळसा टाकला. रोज नव्या नंबरावरून एकच वाक्य येतं. कुठलं वाक्य, ते मी विचारलं नाही. जेवताना असले विषय नकोत.

एवढंच म्हणालो की मुखवटा काढायचं काय नडलं होतं. तर म्हणाली, तुम्ही ओल्या शाईच्या वासाचे अंक घरी आणायचात, आवाज काढून वाचून दाखवायचात, आणि दिवा घालवून घोरायला लागायचात. मी जागी. मला एकच भीती, हा मुखवटा काढला आणि आत कुणीच नसलं तर. म्हणून आत एक माणूस ठेवलाय, बाबा. घाबरलेला.

घाबरलेला काजळ्या बघायला काळं कुत्रं येणार नाही, म्हणालो. हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

मी अध्यक्ष असल्याचं सांगायचं राहून गेलं. तसा विषय निघाला नाही.

१८ मार्च
शांतपणे विचार केला. यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट योग जुळून आला आहे. लेखक माझ्या घरात, वाचक माझ्या मुठीत. दोघांना समोरासमोर बसवलं की चहा निवायच्या आत मिटेल. पोरांना ती किती मेहनती आहे ते दिसेल. तिला पोरांची तळमळ दिसेल. मुखवटाही राहील, कारण एवढी माणसं एका तोंडानं सांगताहेत म्हटल्यावर ती ऐकेल.

सुरुवात म्हणून ग्रुपवर लिहिलं की लेखकसुद्धा कुणाचं तरी मूल असतं. मग कोळशाचा फोन. आवाज इतका मऊ, वाटलं विमा विकतोय. तब्येत विचारली. मग म्हणाला, काका, तुम्ही ओळखता का खोडरबरला? मी स्पष्ट सांगितलं, मी कुणाचं नाव सांगणार नाही, घरच्या माणसाचं तर मुळीच नाही. घरच्या, असं तो हळूच पुन्हा म्हणाला. मग म्हणाला, बरं काका, जपा.

आपुलकी पाहा. आणि मी शब्द पाळला. नाव सांगितलं नाही.

२१ मार्च
ग्रुपवर निमंत्रण टाकलं. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी दुपारी अध्यक्षांच्या घरी स्नेहमेळावा. पत्ता नीट दिला: शिलाईच्या दुकानाशेजारचा जिना, दुसरा मजला, बेल चालत नाही, कडी वाजवावी. खाली लिहिलं, तुमच्यासाठी एक आश्चर्य आहे.

उत्तरं आली. येतो. येतो. येतो. बोटानं वर सरकवत राहिलो तरी संपेना. पुढे नाव नाही, हसणारं तोंड नाही, नुसतं येतो. ही शिस्त माझ्यामुळे आली असावी.

कपांचं कसं करायचं?

लेकीला आत्ताच सांगत नाही. उगाच टेन्शन घेईल.

२५ मार्च
सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर दारावर कोळशानं काढलेला मिटलेला डोळा. कॉमिक ज्यांना माहीत नाही ते दचकतील. काजळ्या ज्याच्याकडे जाणार, त्याच्या दारावर काही दिवस आधी ही खूण करून जातो. मंडळानं अध्यक्षांच्या दाराला दिलेला हा मान आहे. रेषा एका दमात मारलेली, हात तयार आहे पोराचा.

लेकीनं पाहिलं आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. उठेचना. म्हणाली, इथला पत्ता कुणालाच माहीत नव्हता, बाबा. कुणी दिला? मी म्हणालो, पोस्टमन बोलला असेल. पोस्टमन सज्जन आहे. वाईट वाटलं.

ती मैत्रिणीकडे जायचं म्हणत होती. बॅग भरायला घेतली. मी म्हणालो, रविवारपर्यंत थांब, बापाचं एवढं ऐक, अशा वेळी आपल्या माणसांत असावं. माझ्याकडे बघत राहिली. मग शर्ट पुन्हा कपाटात ठेवले.

डोळा ओल्या फडक्यानं पुसला. गेला नाही, पसरला.

२८ मार्च
खालच्या शिलाईवाल्या बाई कप उसने द्यायला वर आल्या. कान तुटलेले चालतील का, तुमच्याकडे माणसं तशीच येणार, असं म्हणत दिले. मग म्हणाल्या, काल दोघं येऊन विचारून गेले, म्हातारा कुठल्या मजल्यावर, मुलगी बाहेर कधी पडते, मागून जिना आहे का.

मी समजावलं की गर्दीचं नियोजन करताहेत. त्या म्हणाल्या, तुमचं डोकं एकदा उसवून बघायला हवं, आत काय भरलंय ते. बाईंची जीभ कात्रीसारखी आहे, मनानं चांगल्या आहेत. पोलिसांत सांगा म्हणाल्या. मी म्हणालो, सोमवारी बघू.

समोरच्या फुटपाथवर तिघं उभे आहेत. सकाळपासून. वर बघतात. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. लाजाळू असतील.

२९ मार्च, रविवार
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीत दिवस गाळायचा नाही असा नियम मीच केला आहे.

वेळेच्या आधीच आले. जिन्यावर, दारात, रस्त्यावर. सगळ्यांच्या तोंडाला काळं फडकं. वर मात्र कुणी येईना. आधण उकळत ठेवून मी खाली गेलो. म्हणालो, या, मी अध्यक्ष. कुणी हललं नाही. कोळसा कोण, विचारलं. सगळे सारखे दिसत होते. फडक्याआड कोण आहे हे कळल्याशिवाय माणसाशी बोलावं कसं, हा प्रश्न मला आजवर कधी पडला नव्हता.

एकजण म्हणाला, काका, बाजूला व्हा. मी म्हणालो, चहा टाकलाय. हसले की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

मग ते एका आवाजात बोलायला लागले. जो काजळ्याचा मुखवटा काढेल. पुढचंही. माझं वाक्य. पुन्हा पुन्हा. इतक्या तोंडांतून ते माझं वाटेना. मी हात वर करून थांबा म्हणालो, ठराव झालाय म्हणालो, भाषेचा. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

लेक माझ्या मागे पायऱ्यांवर येऊन उभी होती. मला घरात ओढायला आली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. हळू म्हणाली, डोळ्याला डोळा असं आता कुणी बोलत नाही, बाबा. तुम्ही बोलता.

मी काहीतरी सांगणार होतो. तेवढ्यात कोळशाचं ढेकूळ आलं आणि तिच्या भुवईवर बसलं. रक्त थोडं, काळं जास्त.

शिलाईवाल्या बाई मोठी कात्री घेऊन बाहेर आल्या. तोंडं झाकायला कापड कमी पडलं असेल तर या म्हणाल्या, माप घेते. पोलिसांना फोन त्यांनीच केला होता. गाडीचा आवाज आला तशी ती सगळी फडकी गल्लीगल्लीत विरून गेली.

३० मार्च
भुवईला टाके पडले. डोळा वाचला, डॉक्टर म्हणाले. मी लेकीला म्हणालो, माझा हेतू तसा नव्हता. ती म्हणाली, माहीत आहे.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल
कंपनीनं जाहीर केलं. काजळ्याचा मुखवटा निघणार नाही. लेखक बदलला आहे.

ग्रुपवर सकाळपासून आनंदीआनंद. कोळशाचा मेसेज: काका, आपण जिंकलो. आता कपडेपटवाल्यानं काजळ्याचा पट्टा तपकिरी केलाय म्हणे, त्याचा पत्ता मिळालाय, तुम्ही लिहिता छान, एक वाक्य द्या.

लेक मागच्या आठवड्यात गेली. सामान खाली नेताना बॅग धरू दिली नाही. कुठे राहणार विचारलं. म्हणाली, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चांगल्या मनानं कुणाला तरी सांगाल. नंबरही बदललाय. नवा शिलाईवाल्या बाईंकडे आहे. त्या देत नाहीत. रोज एकदा सांगतात की ती बरी आहे, आणि मशीन चालू करतात.

अध्यक्षपदाचा राजीनामा ग्रुपवर लिहिला, कारणांसकट, भाषा सभ्य. त्याखाली कुणीतरी टाळ्या टाकल्या. बहुधा वाचला नसावा.

फोन थरथरतोच आहे टेबलावर. ग्रुपमधून बाहेर पडायचं आहे. कुठे दाबायचं ते दुपारभर शोधलं. एकदा चुकून माझाच फोटो सगळ्यांना गेला. हे असलं काम लेक करून द्यायची.