साठ कुप्यांचे पाणी

टाउन्सव्हिल, गुरुवार, दुपारचे साडेतीन

आदरणीय बेव्हर्लीताईस, धाकट्या ग्लेनचा नमस्कार.

तुझ्या गुडघ्याचे टाके निघाले असतील आणि तू डॉक्टरांनी सांगितलेल्या पावलांपेक्षा जास्त चालत नसशील, अशी आशा करतो. (चालत असशील. शाळेची मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी दुसऱ्याची आज्ञा पाळायला शिकत नाही.) टूवुम्बात थंडी असेल. इथे मला घाम फुटला आहे, त्याचे कारण हवामान नव्हे.

तुला ठाऊकच आहे की मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही गेली एकोणीस वर्षे या संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांची व्यवस्था पाहतो. नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनाच्या पद्धती आणि उपकरणे शिकवणारा जो वर्ग असतो, त्यातला दुसऱ्या आठवड्याचा तास माझा. जनुके वगैरे प्राध्यापिका ब्रॅनिगन शिकवतात. नळीवर नाव कसे लिहावे, शीतपेटीतली जागा कशी नोंदवावी आणि कोणत्या वस्तूला कोणी हात लावला याची नोंद का ठेवावी, हे मी शिकवतो. मुले जांभया देतात. मी त्या जांभयांची नोंद ठेवत नाही, एवढाच माझा दिलदारपणा.

या वर्गात वासिती तुइलोमा नावाची फिजीची मुलगी आहे. तिच्या बेटावरच्या तापाच्या रुग्णांच्या रक्ताचे दोनशे नमुने घेऊन ती आली. एकेक नमुना म्हणजे चार थेंब, आणि ते रुग्ण पुन्हा भेटायचे नाहीत. थेंबातला जंतूच्या जनुकाचा तुकडा यंत्रात घालून त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या, मग जंतू ओळखायचा, असे ते काम. यंत्र इतके हावरे की हवेत तरंगणारा एखादा तुकडाही त्याला पुरतो. म्हणून दर फेरीत एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतात. ती कोरीच राहिली पाहिजे. ती उजळली, तर बाकीच्या सगळ्या नळ्या खोट्या ठरतात.

वासितीची पाण्याची नळी तीनदा उजळली. प्रत्येक फेरीत एकेक थेंब गेला. उरला प्रत्येकी एकच. उद्या, शुक्रवारी दहा वाजता, तिला पुढे डॉक्टरेटसाठी ठेवायचे की घरी पाठवायचे, हे समिती ठरवणार आहे. तिसऱ्या खेपेनंतर ब्रॅनिगनबाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारले, "हातमोजे घालून नाक खाजवतेस का गं?" मुले हसली. वासिती हसली नाही. "बाई, नाक खाजवलं असतं तर माझं जनुक सापडलं असतं, तापाचं नाही," एवढेच ती म्हणाली. उत्तर अचूक होते, म्हणूनच बाईंना ते उद्धट वाटले.

मग बाईंनी मला सांगितले, "ग्लेन, तुझ्या त्या लाडक्या नोंदवह्या काढ आणि तीन आठवड्यांत, नळ्या भरतात त्या स्वच्छ खोलीत, कोणी कशाला हात लावला ते मला लिहून दे." काल संध्याकाळी मी आनंदाने बसलो. (एकोणीस वर्षांत प्रथमच कोणीतरी त्या वह्या मागितल्या होत्या.) ओळीमागून ओळ उतरवत गेलो. सातवी ओळ अशी होती: 'कपाटातील अर्धवट भरलेल्या साठ कुप्या एका निर्जंतुक बाटलीत एकत्र केल्या. जागेची बचत.' खाली सही. ताई, ती सही माझी होती.

इथली रीत अशी की शुद्ध पाणी चिमुकल्या कुप्यांत भरून ठेवायचे, एक कुपी एकदाच वापरायची आणि उरलेले टाकून द्यायचे. आळशी पोरे उरलेले परत कपाटात ठेवतात, मग त्यात तापाच्या जंतूचा तुकडा शिरलेला असो वा नसो. मला दिसल्या साठ कुप्या, सगळ्यांवर एकच शब्द, पाणी, आणि एकही पूर्ण भरलेली नाही. व्यवस्थित माणसाने काय करावे? एका वाटीत माशी पडली तर ती वाटी टाकायची असते; मी साठही वाट्या एका पातेल्यात ओतल्या आणि पातेल्यावर सुबक लेबल छापून लावले. वासितीने तिन्ही वेळा ते पाणी वापरले होते, कारण त्या कपाटात तेवढेच एक लेबल वाचता येत होते.

आज सकाळपर्यंत मी कबुलीचे शब्द जुळवत राहिलो. बारा वाजता कळले की ती शेवटचा थेंब वापरायला बसली आहे. मी धावलो. (पंचावन्नाव्या वर्षी, धावायला बंदी असलेल्या मार्गिकेतून.) तिने बाटली उघडलेली होती. मी ती हिसकावली आणि म्हणालो, "या लेबलाची अक्षरं नियमाबाहेरची आहेत, ही जप्त." नवी सीलबंद कुपी तिच्यापुढे ठेवली. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले आणि कामाला लागली.

अडीच वाजता निकाल आला. पाण्याची नळी कोरी. दोनशे नमुने वाचले. मी भिंतीला टेकलो, तोच ब्रॅनिगनबाई वासितीला म्हणाल्या, "बघ, आज हात धुतलेस तर जमलं. उद्या समितीला मी हेच सांगणार, की आधीचा निष्काळजीपणा तुझाच होता." म्हणजे मी तिचे काम वाचवले आणि त्याच पाण्याने तिचे नाव बुडवले.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपावे.

तुझा,
ग्लेन

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासून केली असली तरी पत्राचे खरे कारण ते नव्हे. आत्ता लगेच हे पत्र फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतो आहे. उद्या सकाळी साडेनऊला मला फोन कर आणि 'बाईंना सांगितलेस का?' एवढेच विचार. मी मसुदा सुधारतो आहे असे म्हणालो, तर शाळेत वापरायचीस त्या आवाजात बोल.

आणखी ता. क. आत्ताच वासिती येऊन गेली. टेबलावर निकालाचे चित्र ठेवले. कोपऱ्यातली एक नळी लख्ख उजळलेली. "बाटली हिसकावलीत तेव्हा त्यातल्या पाण्याचा एक थेंब माझ्या रिकाम्या नळीत आला होता, काका. तोही यंत्रात लावला. लेबलाच्या अक्षरांसाठी कोणी एवढं धावत येत नाही." मी काही बोलणार, तर म्हणाली, "उद्या दहापर्यंत तुम्हीच सांगाल, असं धरून चालते. दहा वाजून पाच मिनिटांनी मी सांगेन."

फोन करू नकोस. मी आत्ताच बाईंकडे, पाचव्या मजल्यावर निघालो आहे. (जिन्याने. लिफ्ट फार लवकर पोहोचते.)