उतरलेल्या सेलवरचं गाणं

आबा, आज गुरुवार आहे, आणि बाहेर कुणाला त्याचं काही नाही. तुमच्या वेळी गुरुवार म्हणजे आपल्या या सगळ्या भागाचा रविवार होता. पिंपरी-भोसरीच्या कंपन्या बंद, भोंगे बंद, नदीपलीकडून येणारी दिवसभराची घरघर बंद. काळेवाडीतल्या आपल्या पत्र्याच्या खोलीत त्या दिवशी इतकं शांत असायचं की शेजारी कुणी चहात साखर ढवळली तरी कळायचं. आता मला सगळेच वार सुट्टीचे, तरी गुरुवारी सकाळी मी तुमची बाजाची पेटी खाली काढते, पुसते आणि कुणी येणार असल्यासारखी समोर बसते. कुणी येत नाही. आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. एकटं राहायची सवय होते असं सगळे सांगतात, पण ते सांगणारे सगळे भरल्या घरातले असतात.

मी भोसरीच्या वर्कशॉपात कॉइल गुंडाळायला जात होते तेव्हाची गोष्ट. बोनस मिळाला आणि मी कॅसेटचा टेपरेकॉर्डर घेऊन आले. आईला वाटलं होतं मी कानातलं घेईन. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आला होतात, बूट काढता काढता तो डबा उलटापालटा करून पाहिलात आणि म्हणालात, "गाणं काय लोणचं हाय का गं, बरणीत भरून ठेवाया?" तुमचं म्हणणं पक्कं होतं. गाणं माणसांपुढे उभं राहिलं की गाणं, नाहीतर नुसती गुणगुण. तुम्ही कंपनीत लोखंड उचलायचात, पुलावरून चालत घरी येताना चाली बांधायचात आणि वर्षातून एकदा जयंतीला विहारासमोर पेटी मांडून बसायचात. त्यावर तुमचं पोट नव्हतं, आणि ते नसल्याचं तुम्हाला बरंच वाटायचं. मी मात्र हट्टाला पेटले होते. माणसं ऐकतात आणि घरी जातात आबा, मी म्हटलं, मग गाणं कुठे जातं? तुम्ही हसलात आणि हातपाय धुवायला गेलात.

मला पाहिजे होतं ते कडीचं गाणं. दुष्काळात गाव सोडताना आईनं दाराला नुसती कडी घातली, कुलूप घातलंच नाही, कारण आत राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. चार पावलं गेल्यावर ती परत फिरली आणि कडी नीट बसली आहे का ते बघून आली. एवढंच त्या गाण्यात होतं. तुम्ही ते काळी एकमध्ये गायचात, पेटीवरच्या त्या पहिल्या काळ्या पट्टीत, अगदी संथ, ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाच्या चालीनं. ऐकताना कुणी मान डोलवायचं नाही. बाया पदर तोंडाला लावून ऐकायच्या.

रेकॉर्डर लाइटवर लावला की मागे घुंघुं असा आवाज भरायचा, म्हणून सेलवरच रेकॉर्डिंग करायचं ठरलं. सेल संपत आलेले. नवे आणायचे ते महिनाअखेर बघू, म्हणून मी ते सकाळी पत्र्यावर उन्हात ठेवले, जसे तेव्हा सगळेच ठेवायचे. तुम्ही खालून ओरडलात, "सेल वाळू घातलेस का पापड?" दुपारी ते गरमगरम सेल फडक्यात धरून खाली आणले, मशीनमध्ये घातले, मशीन गोधडीच्या घडीवर ठेवलं, दार लावून घेतलं. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी म्हटलं, आई, जरा थांब ना. तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात. "तिला कामून थांबवायलीस? गाणं तिचंच हाय." आई थापत राहिली. तुम्ही पेटी ओढून सूर धरलात आणि सुरू झालात. मी गुडघ्यांवर बसून मशीनच्या काचेत बघते आहे, चाकं फिरतायत की नाही, एवढंच माझं लक्ष. कडव्याची शेवटची ओळ सोबत्यानं उचलायची, तिला तुम्ही झील म्हणायचात, आणि घरी ती झील माझी असायची. तुम्ही ओळ सोडलीत, थांबलात, माझ्याकडे पाहिलंत. "उचल की गं." मी मानेनंच नाही म्हटलं आणि बोटानं मशीन दाखवलं. मग तेवढी जागा मोकळी सोडून तुम्ही पुढचं कडवं घेतलंत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. माझ्या वर्कशॉपातल्या एकीच्या ओळखीनं आपण पुण्यात एका कॅसेट कंपनीच्या ऑफिसात गेलो. मालकानं कॅसेट मोठ्या मशीनवर लावली आणि त्यातून जो आवाज आला तो ऐकून आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पातळ, तरतरीत, विशीतल्या पोरासारखा. गाणं ओझं टाकून पळत सुटलेलं. घरी त्याच सेलवर लावून ऐकलं तेव्हा आवाज तुमचाच होता; मला वाटलं, मोठ्या मशीनवर असंच येत असेल. मालक मात्र खुर्चीत पुढे सरकला. "आवाजात काय गोडवा आहे हो! आणि हा ठेका मागे कोण धरतंय? डफ आहे का?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "मंडळी हाय माही. भाकरी थापायलीय." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. येताना बसमध्ये तुम्ही खिडकीला डोकं टेकून बसला होतात आणि मिशीतल्या मिशीत हसत होतात. जयंती सोडून कुणी तुमचं गाणं मागितल्याची ती पहिली वेळ होती. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता आबा. तुमचं गाणं आता कुठे जाणार नाही, असं मला वाटलं होतं.

स्टुडिओत भिंतींना गाद्या ठोकल्यासारखं काहीतरी लावलेलं होतं, आणि आत शिरलं की स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटायचा. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात. गायलात, आपल्या काळी एकमध्ये, आपल्या चालीनं, आणि मला तरी ते रेकॉर्डिंगपेक्षाही चांगलं वाटलं. मालक काचेपलीकडून बाहेर आला. "काका, ते गाणं म्हणा ना. त्या दिवशीचं."

"त्येच म्हणायलोय साहेब."

"अहो, हे फार रडकं वाटतंय. ते कसं उसळत होतं!"

तुम्हाला पट्टी चढवून गायला लावलं, लय वाढवून गायला लावलं. तिसऱ्या खेपेला तुमचा आवाज फाटला आणि तुम्ही हातानंच बस म्हणालात. मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला, म्हणाला, गाणं आम्ही घेतो, एक तरुण पोरगा आहे, तो म्हणेल. तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, घ्या. का घ्या म्हणालात, हे मी तुम्हाला तेव्हाही विचारलं नाही. मला वाटतं, दमला होतात.

घरी आल्यावर मी नवे सेल घातले, कॅसेट लावली आणि पेटीवर काळी एक दाबून धरली. तुमचा आवाज तिच्या कितीतरी वर, काळी दोनच्याही पलीकडे. मग उजेड पडला. रेकॉर्डिंग करताना सेल उतरलेले, चाकं हळू फिरलेली. आता पुऱ्या ताकदीवर तेच सगळं पळत होतं. मी रडवेली होऊन तुम्हाला समजावून सांगितलं. तुम्ही क्षणभर ऐकून घेतलंत आणि मांडीवर थाप मारून हसलात. "म्हंजे त्याला माहा आवाज न्हाई, मेलेल्या सेलचा आवाज आवडला म्हण की!" आईला बोलावून पुन्हा सांगितलंत, पुन्हा हसलात. मीही हसले. तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत, ते आईनं नंतर सांगितलं.

कॅसेट आली आणि चांगली खपली. पिंपरीच्या मंडईत वाजली, आकुर्डीला कंपनीच्या गेटासमोरच्या चहाच्या टपऱ्यांवर वाजली, वरातीत वाजली. कडी, कुलूप, मागे फिरलेली आई, सगळं नाचायच्या ठेक्यावर. कॅसेटच्या कव्हरवर गीताच्या पुढे छापलं होतं, पारंपरिक. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, "बग, जित्तेपणीच पारंपरिक झालो." त्या वर्षीच्या जयंतीला मंडळातल्या पोरांनी फर्माईश केली. तुम्ही आपल्या चालीनं सुरू केलंत, तर दुसऱ्या ओळीला मागून एक जण प्रेमानंच ओरडला, "काका, चाल चुकली! कॅसेटमधी तशी न्हाई!" लोक हसले. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही पेटीचा भाता बंद केलात आणि म्हणालात, "व्हय, चुकली वाटतं." तुमच्याच गाण्यात तुम्ही चुकलात आबा, आणि ते तुम्ही कबूल करून खाली बसलात. त्यानंतर ते गाणं मी तुमच्या तोंडून ऐकलं नाही. नळावर पाणी भरताना दुसरं काहीबाही गुणगुणायचात. काही वर्षांनी तुम्ही गेलात.

मी नंतर पुष्कळ चाली बांधल्या. त्याच मशीनवर, त्याच गोधडीवर, दार लावून रेकॉर्ड केल्या आणि कुणाला ऐकवल्या नाहीत. लोक म्हणतात, मग करायचं कशाला. मलाही धड सांगता येत नाही. घरातल्या रेकॉर्डिंगमध्ये घर येतं, एवढं मला कळतं. भांडं पडतं, कुणीतरी खोकतं, बाहेरून भाजीवाला जातो, आणि त्यात गाणं असतं. विकायचं म्हटलं की पहिल्यांदा घर पुसून काढतात. खपणं वाईट नाही, मी काही साधू नाही. माझी एखादी चाल टपरीवर वाजली असती तर मी तिथे उभी राहून चार कप चहा प्याले असते. पण बाजाराला जे आवडतं ते आपल्यातलं नेमकं कुठलं, हे आपल्याला कळत नाही. पुष्कळदा ते आपलं नसतंच. तुमच्या बाबतीत ते सेलचं होतं. ही गोष्ट सांगून हसायला मला आता तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि तुम्ही नाही.

परवा रेकॉर्डरचा पट्टा बदलायला दुकानात गेले होते. दुकानदार चांगला आहे, म्हणाला, "ताई, कॅसेट द्या ना, कॉम्प्युटरवर घेतो. स्पीड बरोबर करून देतो, मग कायमचं झालं." खरं म्हणजे द्यायला हवी होती. फीत झिजली आहे, दर वेळी थोडी आणखी झिजते, एक दिवस तुटेल. मी म्हटलं, कॅसेट हरवली. खोटं बोलले.

कारण मी काय करते ते कुणाला सांगण्यासारखं नाही. टॉर्चमधले मोठे, दमलेले सेल मी डब्यात साठवते. गुरुवारी ते मशीनमध्ये घालते आणि पेटीवर काळी एक दाबून बसते. आधी तो पोरसवदा आवाज येतो. मग सेल आणखी दमतात आणि तुम्ही हळूहळू खाली उतरायला लागता. एक ओळ, दोन ओळी, आणि कुठेतरी तुम्ही पेटीच्या सुराला येऊन मिळता. तेव्हा खोलीत तुम्ही असता. थोड्याच वेळात आवाज आणखी खाली घसरतो, जाड होतो आणि मशीन थांबतं. बहुतेक वेळा ही गाठ चुकीच्या ठिकाणी पडते, पण कधीतरी ती नेमकी कडव्याच्या शेवटी पडते. तुम्ही थांबता आणि तुमच्या खऱ्या आवाजात म्हणता, उचल की गं.

मी ती झील अजून एकदाही उचललेली नाही आबा. ओळ पाठ आहे, सूरही हाताखाली असतो. पण तुम्ही माझ्यासाठी सोडलेल्या त्या जागेत आईची भाकरी ऐकू येते, घाई नसलेली, ती थापायची तशी. मी गायले तर ती ऐकू येणार नाही.